कांदेनवमी, चंपाषष्ठी आणि पोटातला 'गॅस'

पंचवटीत आमचं मेडिकल आहे. सकाळी शटर वर जातं न जातं तोच पहिलं गिऱ्हाईक पोटावर हात ठेवून उभं असतं. "गॅस झालाय, काहीतरी द्या." आता या 'गॅस'मध्ये काय काय येतं ते बघा. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं, कळ मारणं, सकाळी साफ न होणं, उलट तीन-तीनदा जावं लागणं, पाठीत चमक भरणं, डोकं धरणं. एका काकांच्या तर कानात शिट्टी वाजायची, तीही गॅसचीच. पोटाच्या दुखण्याला मराठीत याहून सोयीचा शब्द नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं संशोधन वाचत गेलं की लक्षात येतं, हा बिचारा गॅस बऱ्याच खटल्यांत निर्दोष सुटलाय.

आधी 'गॅसची गोळी' घेऊ. लोक ज्या पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलला गॅसची गोळी म्हणतात, तिचा गॅसशी काही संबंध नाही. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर फेकणारे बारीक पंप असतात, ते ही गोळी बंद पाडते. चालू पंपच तिच्या तावडीत सापडतात, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. भरपेट मिसळ खाऊन वर गोळी टाकली तर तिचं बरंच काम वाया जातं. जळजळीवर, अल्सरवर ती उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. फुगलेल्या पोटावर मात्र तिच्याकडून अपेक्षा ठेवणं म्हणजे नळ गळतोय म्हणून वायरमनला बोलावणं.

आणि ती सुटत का नाही? २००९ साली डेन्मार्कमध्ये एक प्रयोग झाला. जळजळीचा कसलाही त्रास नसलेली १२० धडधाकट माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. मग सगळ्यांची खरी गोळी बंद केली. पुढच्या चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असा काही ना काही त्रास सुरू झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. पंप दाबून धरले की शरीर आम्लाची तयारी वाढवून ठेवतं आणि हात काढला की उसळी मारतं. "गोळी सोडली की लगेच त्रास होतो, म्हणजे मला ती लागतेच," असं सांगणारे रोज भेटतात. त्यातल्या काहींचा त्रास गोळी सोडल्याचाच असतो. तरी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर ती कमी करत करत सोडवतात, आणि काहींना ती खरंच कायम लागते.

आता खरा गॅस. तो दोन वाटांनी येतो. एक म्हणजे गिळलेली हवा, घाईघाईत जेवताना, सोडा पिताना, गुटखा चघळताना आत गेलेली. ती बहुतेक ढेकरेने परत जाते. दुसरा खाली मोठ्या आतड्यात तयार होतो, आणि तो करणारे आपण नसतो, आपले भाडेकरू असतात. पूर्वी पुस्तकांत छापत की शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली तो हिशेब नव्याने मांडला. पेशी ३० लाख कोटी आणि जिवाणू ३८ लाख कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरी. या सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन भरतं पाव किलोच्याही आत.

हे भाडेकरू कशावर जगतात? आपल्याला न पचलेल्या अन्नावर. इथे आपला कांदा येतो.

लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, तो उन्हाळ कांदा चार-सहा महिने चाळीत टिकतो. का टिकतो? बटाटा आपली शिदोरी पिठाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात साठवतो. कांदा तसं करत नाही. तो फ्रुक्टोज नावाच्या साखरेच्या छोट्या-छोट्या साखळ्या करून ठेवतो, त्यांना फ्रुक्टन म्हणतात. टिकाऊ जातींत घनभाग आणि हे फ्रुक्टन जास्त, पाणी कमी. पुढे कोंब काढायची वेळ आली की कांदा त्या साखळ्या तोडून खर्चाला काढतो. कांद्याकडे त्या तोडायची हत्यारं आहेत, आपल्या लहान आतड्याकडे नाहीत. त्यामुळे फ्रुक्टन जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे पंगत बसते. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन असे वायू सुटतात, दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर. यातल्या एकालाही वास नाही. वास येतो तो नावापुरत्या असलेल्या गंधकाच्या संयुगांचा. पण याच पंगतीतून ब्युटिरेटसारखी आम्लंही तयार होतात, आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्यांच्यावरच पोसलं जातं. म्हणजे गॅस हा कारखान्याचा धूर आहे. धूर अजिबात नको म्हणाल तर कारखानाच बंद करावा लागेल.

मग एकाच पंगतीला, तेवढाच कांदा खाऊन एक जण मस्त ताणून देतो आणि दुसरा रात्रभर कुशी बदलतो, हे कसं? साधा अंदाज असा की दुसऱ्याच्या पोटात गॅस जास्त होत असणार. डॉक्टरही बरीच वर्षं असंच धरून चालले होते.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ते मोजूनच बघायचं ठरवलं. आयबीएसचे २९ रुग्ण घेतले आणि २९ निरोगी माणसं. आयबीएस म्हणजे पोटदुखी, फुगणं आणि संडासचं वेळापत्रक बिघडणं, पण दुर्बिणीत किंवा रक्ततपासणीत काही न सापडणं. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि माणूस मात्र हैराण, असा हा आजार. सगळ्यांना इन्युलीन घातलेलं पेय पाजलं. इन्युलीन हा कांद्यातल्या फ्रुक्टनचाच भाऊ. मात्रा दांडगी होती, ४० ग्रॅम. मग ठरावीक वेळाने एमआरआय काढून आतड्यात वायू किती साठला ते मोजलं. २०१७ साली निकाल छापून आला. दोन्ही गटांत गॅस सारखाच! दुखणं मात्र आयबीएसवाल्यांना कितीतरी जास्त.

माझ्या मते गेल्या दहा वर्षांत पोटाबद्दल कळलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. आवाज तेवढाच आहे, कान तिखट झालेत. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना तोच ताण जास्त ऐकू येतो. म्हणून "मनाचे खेळ आहेत" असं म्हणणारेही चुकतात आणि "गॅस फार होतो" म्हणणारेही.

हे कान तिखट होतात कशाने?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्हा नाशिककरांची नजर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशी आमची मोजपट्टी. माझी दुसरी मोजपट्टी ओआरएसच्या पुड्यांची. गढूळ पाण्याचे दिवस आले की जुलाबाचे गिऱ्हाईक वाढतात. बहुतेक जण तीन-चार दिवसांत बरे होतात आणि विसरून जातात. काही मात्र दिवाळीत परत येतात. "त्या जुलाबांपासून पोट पूर्वीसारखं राहिलंच नाही." पूर्वी मला वाटायचं, लोक उगाच दोन गोष्टींची गाठ मारतात. पण कॅनडातल्या वॉकरटन नावाच्या छोट्या गावात मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर नळाच्या पाण्यात जंतू शिरले. दोन हजारांवर माणसं आजारी पडली, सात दगावली. संशोधकांनी त्या गावाचा पाठपुरावा सोडला नाही. आठ वर्षांनंतरही, त्या वेळी जुलाब झालेल्यांपैकी साधारण १५ टक्के लोकांना आयबीएसचा त्रास होता. ज्यांना तेव्हा काही झालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा ती गाठ खरी आहे.

ती बसते कशी, याचा धागा २०२१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाला सापडला. त्यांनी उंदरांना पोटाचा संसर्ग दिला आणि नेमकं त्याच काळात अंड्यातलं एक प्रथिन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाला. पुढे पुन्हा तेच प्रथिन दिल्यावर उंदरांचं पोट दुखू लागलं. संसर्ग नसताना ज्यांनी ते खाल्लं होतं, त्यांना काही नाही. दंगल चालू असताना रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसाचंही नाव पोलिसांच्या यादीत चढावं, तसला हा प्रकार. आतड्याच्या भिंतीतल्या मास्ट पेशी त्या अन्नाला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात, ते पुन्हा आलं की हिस्टामीन नावाचं रसायन सोडतात आणि जवळचे मज्जातंतू चेतवतात. हे सगळं तेवढ्या जागेपुरतं असतं, म्हणून अंगावर पित्त उठत नाही आणि ॲलर्जीच्या नेहमीच्या तपासणीत काही दिसत नाही. मग त्यांनी आयबीएसच्या १२ रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, दूध, सोया अशा अन्नांचे अंश टोचून पाहिले. बाराच्या बारा जणांना निदान एकावर तरी प्रतिक्रिया आली. आठ निरोगी माणसांत फक्त दोघांना. प्रयोग लहान आहे, त्यावरून लगेच औषध निघत नाही. पण "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही" या वाक्याला त्याने चांगलाच धक्का दिला.

मिसळीची प्लेट या नजरेने बघा. मटकीत न पचणाऱ्या वेगळ्या साखळ्या, पावात गव्हाचं फ्रुक्टन, वरून कच्चा कांदा, आणि तर्रीतलं तिखट. मिरचीतला कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या दाराला टेकतो, तेच दार साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. ते दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. तिखट 'भाजतं' ही नुसती बोलण्याची पद्धत नाही, मज्जातंतूला खरंच तसा निरोप जातो. आयबीएसमध्ये हिस्टामीनमुळे हेच दार आधीच किलकिलं झालेलं असतं. एवढं सगळं लिहूनही रविवारी मी मिसळ खातोच, ते असो.

पोट फुगण्याची आणखी एक गंमत आहे. "सकाळी पँट नीट बसते, संध्याकाळी बटण लागत नाही," हे पुष्कळ जण सांगतात. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी अशा लोकांचे फुगलेल्या आणि न फुगलेल्या वेळचे सीटी स्कॅन काढून ताडून पाहिले. आतला वायू फारसा वाढलेला नव्हता. निरोगी माणसात आत वायू आला की छातीखालचा पडदा वर सरकतो, पोटाचे स्नायू आवळतात आणि जागा होते. या मंडळींचं उलटं होत होतं. पडदा खाली दाबला जात होता आणि पोटाचे स्नायू सैल सुटत होते, म्हणून पोट पुढे येत होतं. स्नायूंना पुन्हा नीट वळण लावायचं शिक्षण दिल्यावर फुगणं कमी झालं. त्यात मोठा भाग सावकाश श्वासाचा होता. गोळी नाही.

आता मावशीकडे येतो. माझी मावशी सिडकोत राहते, माहेर निफाडकडचं. ती चातुर्मास पाळते. कांदेनवमीला घरात कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, सगळी हौस होते आणि दोन दिवसांनी आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. ते चंपाषष्ठीपर्यंत, कारण घरी खंडोबा आहे. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की सगळं खुलं. "चातुर्मासात माझं पोट कसं हलकं असतं," हे ती वर्षानुवर्षं सांगते. मी ते श्रद्धेच्या खात्यात टाकत आलो.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात २००५च्या सुमारास फॉडमॅप नावाचा प्रकार मांडला गेला. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या साखरांची ही यादी. पहिल्या रांगेत कोण? कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध. आहार असा की दोन ते सहा आठवडे यांना सुट्टी द्यायची. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी २०२४ साली आयबीएसच्या २९४ रुग्णांवर ताडून पाहिलं. चार आठवडे हा आहार आणि सोबत जेवणाच्या नेहमीच्या सूचना पाळणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांना चांगला आराम पडला, औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५८ टक्क्यांना. तिसऱ्या गटाला भात-पोळी फार कमी देणारा आहार होता, त्यांच्यात ७१ टक्के. म्हणजे आहाराने औषधाला मागे टाकलं. नॉर्वेत २०१८ साली, गहू सोसत नाही म्हणून ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, सोडलेल्या ५९ लोकांना न सांगता कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टन दिलं. त्रास झाला तो फ्रुक्टनने. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाऊन ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर इथे असावं. ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो खरा सिलिॲक आजार वेगळा, त्याची रक्ततपासणी असते आणि ती गहू सोडायच्या आधीच करायची.

तर मावशीची जवळजवळ पाच महिन्यांची सुट्टी लांबलेली असली तरी दिशा बरोबर होती. गडबड पुढे व्हायची. चंपाषष्ठीला एका दिवसात सगळं परत आल्यावर, बाधलं कशाने हे कळणार कसं? फॉडमॅपचा निम्मा अर्थ परत सुरू करण्यात आहे. एका वेळी एकच पदार्थ घ्यायचा, तीन दिवस, मात्रा वाढवत, बाकी ताट तसंच. आणि सुट्टी कायमची करायची नाही, कारण त्यात आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी भाडेकरू उपाशी मरतात. नेटवरची यादी छापून फ्रिजवर चिकटवून वर्ष-वर्ष भात-दुधीवर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. हे आहारतज्ज्ञाच्या हाताखाली केलेलं बरं.

स्वयंपाकात पळवाटाही आहेत. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकला तर स्वाद तेलात राहतो आणि फ्रुक्टन लसणासोबत बाहेर जातं. रश्श्यातून लसूण काढून उपयोग नाही, ते आधीच पाण्यात उतरलेलं असतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. कडधान्य भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं. हे आपल्या आज्या करतच आल्या.

इसबगोलवर नॉटिंगहॅमकरांनी पुन्हा एमआरआय लावला, २०२२ साली. आयबीएसच्या रुग्णांना इन्युलीनसोबत इसबगोल दिला तर वायू कमी झाला. त्याच्या चिकट गोळ्यात जिवाणूंची पंगत सावकाश चालते असं दिसतं. मात्र तो भरपूर पाण्याबरोबर घ्या, आणि एकदम दोन चमचे नको.

एक तरुण मुलगा मध्यंतरी चिठ्ठी घेऊन आला, गोळ्या घेऊन गेला आणि तासाभराने तावातावाने परत. "दादा, ही डिप्रेशनची गोळी आहे. मी पोटासाठी गेलो होतो!" ॲमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅम. नैराश्यासाठी ती याच्या कितीतरी पट मात्रेत देत. इतक्या छोट्या मात्रेत ती मज्जातंतूंचा तिखटपणा उतरवते. इंग्लंडमध्ये ४६३ आयबीएस रुग्णांवर सहा महिने तपासून २०२३ साली निकाल आला, औषध नसलेल्या गोळीपेक्षा हिने जास्त जणांना आराम पडला. मी त्याला वरची एमआरआयची गोष्ट सांगितली. तो गोळ्या घेऊन गेला. डॉक्टरांनी हीच दोन मिनिटं दिली असती तर त्याची एक फेरी वाचली असती.

प्रोबायोटिकचं, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या गोळ्या-पुड्यांचं, थोडक्यात. आयबीएससाठी सरसकट घ्या असं सांगण्याइतका पुरावा अमेरिकन पोटविकार संघटनेला २०२०च्या शिफारशींमध्ये सापडला नाही. विष्ठेचा नमुना पाठवून 'तुमचे जिवाणू' मोजून देणारे महागडे संच तर माझ्या घरच्या कुणाला मी घेऊ देणार नाही. दही-ताकाचं वेगळं. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर २०२१ साली झालेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या दाह दाखवणाऱ्या १९ प्रथिनांची पातळी उतरली.

हे सगळं वाचून कुणी छातीतली कळ घरी बसून 'तिखट कान' म्हणून सोसू नये. छातीच्या मधोमध किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब येणं, घाम फुटणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, चार पायऱ्या चढताच कळ येणं, याला 'गॅस' म्हणत सोडा पिऊन वाट बघणारे आमच्याकडे दरवर्षी येतात. मी त्यांना औषध देत नाही, रिक्षात बसवतो. ईसीजीला दहा मिनिटं लागतात. तसंच शौचात रक्त, न ठरवता घटणारं वजन, रक्त कमी होणं, रोजचा ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसायचं नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आहे, आणि तो क्रोन्स नावाच्या आतड्याच्या दाहाच्या आजारासारखा इतका दिसतो की मुरलेले डॉक्टरही चकतात.

मावशीने मागच्या वर्षी चंपाषष्ठीनंतर माझं ऐकलं. आहारतज्ज्ञ बाईंनी वेळापत्रक आखून दिलं आणि मावशीने त्याची नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठेवली, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. वांग्यापुढे तीनही दिवस बरोबरची खूण, म्हणजे ते इतके महिने उगाच बदनाम होतं. शिजवलेला कांदा अर्ध्यापर्यंत बरोबर, पूर्ण कांद्याला एक फुली. लसणाला दुसऱ्याच दिवशी दोन फुल्या, तिसरा दिवस तिने घेतलाच नाही. चहातलं दूध चाललं, पेलाभर नाही. कडधान्यांची पाळी भोगीनंतर होती. पण भोगीच्या चौकोनात पावट्यापुढे तीन ठसठशीत फुल्या आहेत आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'तरी खाल्ला.'